कोकणातून आधी माल जायचा, मग माणसं का जाऊ लागली?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९ होता. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात म्हणून हा फरक पडलेला नाही. गावातले पुरुष मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, कुवेतला, दुबईला किंवा एखाद्या मालवाहू बोटीवर असतात, म्हणून तो पडला आहे. घरातला एक जण बाहेर आणि त्याच्या पैशावर उरलेलं घर, ही रीत कोकणात कित्येक पिढ्या चालू आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की ‘कोकणात पिकतं काय, भात आणि कातळ’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. हीच जमीन होती, हाच कातळ होता, पाऊसही असाच कोसळत होता, तेव्हा याच किनाऱ्याला अरबस्तानची, इराणची, पूर्व आफ्रिकेची आणि त्याही आधी रोमन साम्राज्यातल्या इजिप्तची जहाजं लागत होती. बाहेरचे लोक इथे कमवायला येत. मग गेल्या दोनशे वर्षांत असं काय झालं की इथलाच माणूस पोटासाठी बाहेर पडला? याचा शोध घेताना आजची जगाची अर्थव्यवस्था कशी घडली तेही बरंचसं उलगडतं, म्हणून जरा मागे जाऊ.

वारा, खाडी आणि घाट

शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैऋत्येचा जोरदार वारा असतो आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च बरोबर उलटा, ईशान्येचा. तांबड्या समुद्राकडून निघालेला व्यापारी पावसाचा जोर ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागे आणि परतीचा वारा सुटेपर्यंत त्याला इथेच थांबावं लागे. या सक्तीच्या मुक्कामातून बरंच काही उभं राहिलं: मालाची गुदामं, उधारीचे व्यवहार, दुभाषे, लग्नसंबंध, प्रार्थनास्थळं. कोकणी मुसलमान समाजाचं मूळ या समुद्री व्यापारात आहे. अलिबागकडच्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेतही पूर्वजांचं जहाज नौगावजवळ फुटल्याची आठवण जपलेली आहे.

वाऱ्याइतकाच महत्त्वाचा होता इथला उतार. सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांनी किनारा जागोजाग कापला आहे. खाडीच्या तोंडाशी बंदर, भरतीच्या पाण्यावर गलबत जिथवर आत जाईल तिथे बाजारपेठ आणि बाजारपेठेच्या मागे देशावर चढणारा घाट, अशी प्रत्येक खाडीची स्वतःची साखळी असे. कल्याणच्या मागे नाणेघाट, चौलच्या मागे बोरघाट, दाभोळ-चिपळूणच्या मागे कुंभार्ली, राजापूरच्या मागे अणुस्कुरा. घाटावरून बैलांच्या पाठीवर कापड आणि धान्य उतरायचं. वर चढायचं मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी आणि परदेशी माल. नाणेघाटातलं सातवाहनकालीन लेणं आणि त्याजवळचा जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही पाहता येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची नोंद आहे.

या व्यापाराचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो कुण्या एकाच्या मुठीत नव्हता. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला, तो विकायला एक घोडा घेऊन. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि बहमनी सुलतानांना घोडदळ हवं होतं, त्यामुळे घोड्याला भाव होता. जुन्नर, बीदर असं फिरून तो पुढे दाभोळहून परत निघाला. एकटा माणूस, एक घोडा, आणि तो जगाच्या व्यापारात शिरू शकत होता. बंदराची जकात भरावी लागे, पण समुद्र ओलांडायला कुणाची परवानगी लागत नसे.

हे सुवर्णयुग होतं असं मात्र मी म्हणणार नाही. याच जहाजांतून माणसंही विकायला येत. निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला.

समुद्राला मालक मिळाला

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला. पोर्तुगीजांजवळ इथे खपेल असा माल फारसा नव्हता. त्यांच्याजवळ जहाजावर बसवलेल्या तोफा होत्या. त्यांनी नियम काढला: या समुद्रात जहाज न्यायचं तर आमचा परवाना घ्यायचा, आमच्या बंदरात जकात भरायची, परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. दाभोळ त्यांनी १५०८ च्या अखेरीस लुटून जाळलं. १५१० मध्ये गोवा घेतलं आणि घोड्यांचा किफायतशीर व्यापार तिकडे ओढला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली.

वसाहतवादाची सुरुवात समजून घ्यायची तर इथे थांबायला हवं. जमीन जिंकण्याआधी व्यापाराच्या वाटेवर हक्क सांगितला गेला. चांगला किंवा स्वस्त माल देऊन नफा मिळवण्याऐवजी दुसऱ्याच्या व्यापारावर बळाने पट्टी बसवली गेली.

मग युरोपीय लोक मिरी, कापड, नीळ यांची किंमत कशाने चुकवत होते? चांदीने. ही चांदी आली दक्षिण अमेरिकेतून. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली आणि स्पॅनिश सत्तेने तिथल्या मूळ रहिवाशांना वेठीला धरून ती खणून काढली. तिचा मोठा वाटा युरोपातून फिरत फिरत हिंदुस्थान आणि चीनकडे आला. त्या काळी आपल्या किनाऱ्यावर ‘लारी’ नावाचं विचित्र नाणं चालत असे, चांदीची तार दुमडून केलेलं. इराणी आखातातून आलेल्या या नाण्याची नक्कल विजापूरच्या आदिलशाहीनेही पाडली. अमेरिकेतल्या खाणीत राबणारा मजूर आणि राजापूरच्या बाजारात कापड विकणारा साळी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, तरी सतराव्या शतकापर्यंत त्यांचं नशीब एका व्यवहारात बांधलं गेलं होतं. जागतिक अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच.

त्याच जहाजांतून मिरची आली, काजू, अननस, पेरू, पपई आली. त्याआधी कोकणातलं कालवण मिरी, पिंपळी आणि आल्याने तिखट व्हायचं. आज मिरचीशिवायचा मालवणी मसाला कल्पनेतही येत नाही. ब्राझीलचा काजू आपल्या कातळावर असा रुजला की वेंगुर्ल्याची ओळख झाला, आणि आता भारतातले काजू कारखाने आफ्रिकेतून कच्ची बी मागवतात.

मिठावरची जकात

शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं एक पत्र मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचं वाटतं. कुडाळचा अधिकारी नरहरी आनंदराव याला ते लिहिलेलं आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या, गोव्याच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि व्यापारी संगमेश्वरकडचं मीठ सोडून तिकडे वळत होते. महाराजांचा हुकूम असा की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते महाग पडेल आणि आपल्या मुलखातलं मीठ विकलं जाईल. आयात मालावर कर लावून देशी उत्पादन सांभाळायचं हे धोरण आज सगळी सरकारं वापरतात, आणि त्यावरून देशादेशांत भांडणंही होतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणातल्या मिठागरांसाठी ते इतक्या स्पष्टपणे मांडलं गेलं होतं.

याच्या शेजारी दुसरा कर ठेवून पाहा. १८९६ साली ब्रिटिश सरकारने मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला. कारण असं की विलायती कापडावर तेवढीच आयात जकात होती आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना हिंदी गिरण्यांना एवढाही फायदा मिळालेला नको होता. हा कर तीसेक वर्षं टिकला. एका राजवटीने आपल्या आगरी-मिठागरवाल्यांसाठी परक्या मालावर कर लावला, दुसरीने परक्यांसाठी इथल्या मालावर. राज्य कुणाचं आहे याने अर्थव्यवस्थेत काय फरक पडतो, हे समजवायला मला याहून सोपं उदाहरण सापडत नाही.

मीठही त्यातून सुटलं नाही. इंग्रजांनी मीठ सरकारच्या ताब्यात घेऊन त्यावर कर बसवला आणि समुद्राकाठच्या माणसाला समोरच्या पाण्यातून मीठ काढणं गुन्हा ठरलं. १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला लोकांनी सत्याग्रह केला, लाठ्या खाल्ल्या, तो या कायद्याविरुद्ध.

अनेक बंदरांचं एक बंदर

इंग्रजांची आणि डचांची ताकद त्यांच्या कंपन्यांत होती. अनेकांनी भाग घेऊन भांडवल जमवायचं, एक जहाज बुडालं तरी कुणी एकटा बुडत नाही, आणि वर राजाची सनद. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, इंग्रजांची राजापूरला. राजापूरच्या इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि त्यांना कैदेत टाकलं. व्यापारी म्हणून आलेली कंपनी लढाईत बाजू घेते, हे इतक्या लवकर दिसलं होतं.

मुंबई पोर्तुगीजांनी १६६१ च्या विवाहतहात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं ती अनेक बंदरांतलं एक बंदर होती. मराठ्यांचं आरमार, आंग्रे, सिद्दी, पोर्तुगीज असे सगळे समुद्रावर हक्क सांगत होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किनाऱ्याचा बराचसा भाग एका सत्तेखाली आला. खरा घाव मात्र लोखंडाने घातला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये रूळ बोरघाट चढले. आता देशावरचा कापूस किंवा धान्य कुंभार्ली-अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलावर लादून खाडीत उतरवायची गरज उरली नाही. घाट ओस पडले की घाटाखालची बाजारपेठ आटते, आणि ती आटली की बंदर. आगबोटींना खोल पाणी लागे, खाड्या तर गाळाने भरत होत्या. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडल्यावर मुंबई युरोपला आणखी जवळ आली. चौल, दाभोळ, राजापूर ही नावं इतिहासाच्या पुस्तकात गेली.

मुंबईत पैसा कुठून आला? एक भाग माळव्याच्या अफूचा, जी चीनमध्ये विकली जात होती. दुसरा कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, लँकेशायरला दुसरा कापूस हवा होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, सट्टेवाले आणि बँका बुडाल्या. पण गिरण्यांचं युग सुरू झालं होतं, आणि गिरणीला माणसं हवी होती.

गिरणीचा पगार आणि गावचं भात

ही माणसं रत्नागिरी जिल्ह्याने दिली. तेव्हा या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा वाटा इथल्याच कामगारांचा होता. बंदरांचा धंदा बसला होता. आरमारातल्या आणि किल्ल्यांवरच्या चाकऱ्या संपल्या होत्या. कोकणातल्या महार शिपायांनी कंपनीच्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती, तीही भरती १८९० च्या दशकात बंद झाली. उरली शेती, आणि तिच्यावर गावाचा सारा वसूल करणारा खोत बसलेला. खोती इंग्रजांच्या आधीची, पण इंग्रजांनी तिला कायद्याने पक्कं केलं. कुळाने पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, अर्धेल किंवा तिर्धेल, खोताला द्यायचा, वर वेठ वेगळीच. सारा रोख भरायचा तर रोकड हवी, आणि रोकड मुंबईत होती. आगबोटीचं तिकीट परवडण्यासारखं होतं. गावचा कुणी मुकादमाच्या ओळखीचा असे, तो पुतण्याला लावून घेई. गावकीच्या खोलीत पथारी मिळे, एका पाळीचा उठला की त्याच जागी दुसऱ्या पाळीचा झोपे.

आता हिशेब नीट पाहू, कारण सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे. कामगाराला जगवायला काय काय लागतं? त्याचं रोजचं जेवण. शिवाय बायको, मुलं, म्हातारे आईबाप यांचं पोट, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, काम नसतानाचे दिवस. हा सगळा खर्च निघेल एवढा पगार द्यायचा तर गिरणीला तो परवडवून घ्यावा लागला असता. पण कोकणी कामगाराचं घर गावी होतं. भात, नाचणी, वरी गावी पिकत होती, थोडीच, पण पिकत होती. मुलं गावी वाढत. आजारी पडला की तो गावी जाई, म्हातारा झाला की गावी, संप झाला की गावी. म्हणजे कामगाराला वाढवण्याचा, सांभाळण्याचा आणि शेवटी पोसण्याचा मोठा खर्च गाव उचलत होतं, आणि गिरणी फक्त त्याच्या उमेदीच्या वर्षांचे पैसे मोजत होती. मनीऑर्डर गावाकडे येताना दिसते. गावातून शहराकडे जाणारा हा मोठा प्रवाह कुठल्याच वहीत दिसत नाही.

तो प्रवाह मुख्यतः बायकांच्या कष्टाचा होता. राब भाजणं, चिखलात लावणी, वरकस जमिनीवर नाचणी, गुरं, लाकूडफाटा, सासूसासरे, पोरं. चाकरमान्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण ज्यांच्या श्रमामुळे मुंबईतली मजुरी स्वस्त राहिली त्या बायकांचा उल्लेख उद्योगाच्या इतिहासात क्वचितच होतो. मला ही मोठी उणीव वाटते.

असं फक्त कोकणात झालं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनीही मजुरांची कुटुंबं अशीच दूर, गरीब राखीव मुलखात ठेवली. वसाहतींच्या काळात जगात जागोजाग एक झगमगतं केंद्र आणि त्याला माणसं पुरवणारा मागास मुलूख अशा जोड्या तयार झाल्या. मागासपणा ही केंद्राच्या भरभराटीची दुसरी बाजू होती.

लोक गप्प बसले नाहीत. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमीन कसायचंच थांबवलं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर.

मुंबईच्या पलीकडे

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपली. गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. ऊसमळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून कराराचे मजूर नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. खलाशी म्हणून दापोली, खेड, रत्नागिरीकडचे लोक ब्रिटिश आगबोटींवर गेले. तिथे कोळसा ओढणाऱ्या हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशापेक्षा बराच कमी पगार मिळे.

स्थलांतर उलटंही झालं, सक्तीने. मुंबईत स्थापन झालेल्या एका इंग्रजी कंपनीचा ब्रह्मदेशात सागवानाचा धंदा होता. ओंडक्यांचा हिशेब चुकवल्याबद्दल तिथल्या दरबाराने तिला दंड केला, आणि हे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशवर चढाई केली आणि तिथलं राज्य खालसा केलं. तिथल्या थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीला या दंडाची गोष्ट सांगितली जावी असं मला वाटतं.

आता

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. हजारो कुटुंबं त्या काळात गावच्या तांदळावर तगली. त्याआधीच, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर, आखातात बांधकामं निघाली होती आणि कोकणातून, विशेषतः कोकणी मुसलमानांच्या गावांतून, नवी वाट सुरू झाली होती. तिथे व्हिसा मालकाशी बांधलेला असतो आणि कामगाराला कुटुंब सोबत नेणं क्वचितच परवडतं.

बंदरही परत आलं, वेगळ्या रूपात. उरणजवळचं न्हावा-शेवा १९८९ मध्ये सुरू झालं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक झालं. त्या परिसरात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागताना जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण मेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. आणि व्यापाराचे नियम दूर कुठेतरी ठरतात, हेही कायम आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला आणि ऐन हंगामात हापूसवाल्यांची तारांबळ उडाली. बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये.

आज देवगड-रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि तोडणीला नेपाळचे कामगार असतात, मच्छीमार बोटींवरही. इथली मुलं मुंबईला, आखातात गेली आणि रिकाम्या जागी ते आले. त्यांची बायकामुलं, म्हातारे तिकडे डोंगरात, तिथल्या शेतीवर. हंगाम संपला की तेही परत जातात, आजारी पडले तरी परत जातात. बागायतदार त्यांना देतो तो रोज ठरवताना त्या घरांचा खर्च हिशेबात धरला जातो का, हे कोकणातल्या माणसाने तरी विचारायला हवं.